दोनशे जणींची भूमिका कोणी करावी?

सत्यकथेवर बेतलेला चित्रपट ही जोपर्यंत तिकीट काढून, अंधारात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहण्याची वस्तू होती, तोपर्यंत त्यात सत्य किती आणि कथा किती हा प्रश्न रसिकांच्या चर्चेपुरताच होता. परंतु तसे चित्रपट खास दूरचित्रवाणीसाठी आणि अलीकडे हातातल्या मोबाइलसाठी म्हणूनच निर्माण होऊ लागले, आणि ज्यांच्या आयुष्यावरून ते रचले त्यांच्याच माजघरात, त्यांच्या मुलाबाळांदेखत येऊन बसू लागले, तेव्हापासून या प्रश्नाला अब्रूचे, न्यायाचे आणि काहीसे मालकीहक्काचेही स्वरूप आले. नागपूरच्या मुलखाला हा प्रश्न एका विशिष्ट तारखेने चिकटलेला आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात, उत्तर नागपुरातील कस्तुरबानगर वस्तीला वर्षानुवर्षे छळणारा, अनेकदा अटक होऊन तितक्याच वेळा सुटलेला अक्कू यादव, सुमारे दोनशे स्त्रियांच्या जमावाने चाकू आणि मिरचीपूड घेऊन केलेल्या हल्ल्यात ठार झाला. वस्तीतील प्रत्येक स्त्रीने 'मीच मारले, मला धरा' असा घोष केला. आणि दहा वर्षांनी, २०१४ मध्ये, आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. या घटनेवरून 'झी५'वर २० ऑगस्ट २०२१ रोजी '२०० हल्ला हो' हा चित्रपट आला, आणि पुढल्या वर्षीच्या ऑक्टोबरात 'नेटफ्लिक्स'वर, उमेश विनायक कुलकर्णी यांनी दिग्दर्शित केलेली, 'इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम' ही माहितीपटमालिका आली.

उमरेडला माझ्या परिचयाच्या दोन व्यक्ती या दोन कृतींवरून अनेक दिवस वाद घालीत आहेत. एक न्यायखात्यातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ, ज्यांना सगळे गाव काकाजी म्हणते आणि ज्यांनी नागपूरची नोकरी नॅरोगेजच्या संथ गाडीने 'अप-डाउन' करून पार पाडली; दुसऱ्या महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या बाई, ज्या झाडीपट्टीचे नाटक रात्रभर जागून पाहतात आणि सकाळी वर्गावर वेळेत हजर होतात. पुढील संवादात त्यांचे शब्द किती आणि माझ्या पदरचे किती, हे वाचकांनी विचारू नये. विषयच असा आहे की विचारल्यास मला लाजावे लागेल.

काकाजी : बाई, माझा पहिला आक्षेप पहिल्या मिनिटालाच आहे. अशा चित्रपटाच्या आरंभी बहुधा दोन निवेदने येतात. एक, की ही कथा सत्य घटनेवरून स्फुरलेली आहे. आणि दुसरे, की यातील सर्व पात्रे व प्रसंग काल्पनिक असून साम्य आढळल्यास तो योगायोग समजावा. आमच्या कचेरीत एखाद्या पक्षकाराने असे प्रतिज्ञापत्र आणले असते, की वरील मजकूर सत्य आहे आणि त्यातील काहीही घडलेले नाही, तर ते दाखल करून घेणे दूरच, मी त्याच्या वकिलाला बाजूला बोलावून प्रकृतीची विचारपूस केली असती.

बाई : ती ओळ वकिलांसाठी असते, काकाजी, प्रेक्षकांसाठी नव्हे. ती वाचून कोणाचा विश्वास वाढत नाही आणि घटतही नाही.

काकाजी : तसे म्हणून भागत नाही. कस्तुरबानगरचे तिथे राहीनगर झाले, अक्कू यादवचा बल्ली चौधरी झाला. गाव खरे, कोर्ट खरे, दोनशेचा आकडा खरा, आणि नाव तेवढे खोटे. म्हणजे खरेपणाचा लाभ घ्यायचा आणि खरेपणाचे दायित्व मात्र टाळायचे. मेलेल्या माणसाची बदनामीसुद्धा, त्याच्या आप्तांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली, तर भारतीय दंड संहितेने गुन्हा मानलेली होती. त्या तरतुदीच्या भीतीने नाव बदलले, असे मी म्हणतो.

बाई : आणि मी म्हणते की नाव बदलणे ही आपल्याच कायद्याची आज्ञा आहे. कलम २२८-अ आपण मला का शिकवायला लावता? अत्याचारग्रस्त स्त्रीची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध केले तर दोन वर्षांपर्यंतची कैद. नव्या न्याय संहितेत तेच कलम ७२ झाले. कायदा 'नाव' एवढेच म्हणत नाही, 'ओळख' म्हणतो. वस्तीचे नाव उघड केले की गल्ली उघडी पडते, आणि गल्ली उघडी पडली की घर. एका स्त्रीच्या मुलीची सतरा वर्षांनंतर आता कुठे सोयरीक जमते आहे, आणि पाहुणेमंडळी रात्री जेवणानंतर त्याच चित्रपटाला बसली आहेत, अशी कल्पना करा. हे चित्रपटगृहात घडत नव्हते. तिथे जायचे की नाही ते ठरवता येत होते.

काकाजी : स्त्रियांची नावे झाकावीत याबद्दल माझे दुमत असेल तर मी इतकी वर्षे खात्याचे मीठ खाल्ले ते व्यर्थ. पण माहितीपटाने वस्तीचे नाव झाकले नाही, आणि त्यात वस्तीतल्या बाया स्वतः कॅमेऱ्यासमोर बसून बोलतात. ज्यांची अब्रू तुम्ही झाकायला निघालात, त्यांना ती झाकायची नाही.

बाई : ज्या बोलल्या, त्यांना. ज्या बोलल्या नाहीत त्यांच्या वतीने आपण वकीलपत्र घेऊ नये.

(येथे काकाजी थोडे थांबले. वकीलपत्राचा उल्लेख त्यांना नेहमी विचार करायला लावतो.)

काकाजी : बरे, ते सोडू. माझे म्हणणे एवढेच, की सत्य घटना सांगायची तर दप्तराबाहेर जाऊ नये. रोजनामा आहे, पंचनामा आहे, मुद्देमालाची यादी आहे, साक्षीदारांच्या जबान्या आहेत. त्यात नाही ते पडद्यावर आले की ती घटना राहत नाही, कादंबरी होते.

बाई : जबान्यांचे नाव आपण काढलेत ते उत्तम झाले. जबानी कशी लिहिली जाते, ते आपण मला एकदा सविस्तर सांगितले आहे. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार बाई उत्तर देते, कधी अडखळते, कधी पदराने तोंड झाकते, कधी प्रश्नाचे उत्तर सोडून त्या दिवशी चुलीवर काय होते ते सांगू लागते. आणि कागदावर काय उतरते? 'हे म्हणणे खरे नाही की मी घटनेच्या वेळी घरी नव्हते. हे म्हणणे खरे नाही की मी खोटी साक्ष देत आहे.' प्रश्न वकिलाचा, वाक्यरचना कोर्टाची, आणि खाली अंगठा तेवढा त्या बाईचा. मग तिला ते वाचून दाखवले व बरोबर असल्याचे तिने कबूल केले, असा शेरा. काकाजी, हीसुद्धा एक पटकथाच झाली. फक्त तिचा लेखक पगारी आहे.

काकाजी : त्या रचनेला कारण आहे. अपिलात वरच्या कोर्टाला अश्रू वाचता येत नाहीत, वाक्य वाचता येते.

बाई : मान्य. पण मग जे वाक्यात मावत नाही ते सांगण्याची जागा कोठे? आणि या प्रकरणात तर त्याही आधीची अडचण आहे. त्या वस्तीचे गाऱ्हाणेच हे होते, की आमच्या फिर्यादी ठाण्यात घेतल्या जात नाहीत. जी फिर्याद नोंदलीच गेली नाही ती आपल्या दप्तरात कोणत्या निशाणीवर सापडेल? आपण म्हणता दप्तराबाहेर जाऊ नका. त्या बायांचे सगळे आयुष्यच दप्तराबाहेर गेले. हत्येच्या आठवडाभर आधी वस्तीने त्याचे घर पाडले, त्याची बातमी झाली. तोवर जी वर्षे गेली त्यांची बातमीही नाही आणि नोंदही नाही. त्या वर्षांविषयी कोणी काही दाखवायचे म्हटले, तर त्याला कल्पनेचाच आश्रय घ्यावा लागेल.

ही गोष्ट बाईंनी जरा आवाज चढवून सांगितली, आणि माझ्या मते वादाचा हा भाग त्यांनी जिंकला. काकाजींनी तसे कबूल केले नाही. त्यांनी मोर्चा परदेशात नेला.

काकाजी : कल्पनेला दार उघडले की आत कोण कोण येते ते अमेरिकेने पाहिले आहे. तिथे १९६९पासून 'आठवड्याचा चित्रपट' नावाची प्रथाच पडली, आणि वर्तमानपत्रातली बातमी शिळी होण्यापूर्वी तिचा चित्रपट करण्याची शर्यत लागली. ॲमी फिशर नावाच्या अल्पवयीन मुलीने आपल्या प्रियकराच्या बायकोवर गोळी झाडली; त्यावर तीन मोठ्या वाहिन्यांनी तीन वेगवेगळे चित्रपट काढले. पहिला २८ डिसेंबर १९९२ला, आणि उरलेले दोन ३ जानेवारी १९९३ला, एकाच रात्री. तीन चित्रपटांत तीन निरनिराळी सत्ये. यात त्या मुलीचे किंवा जखमी बाईचे काय हित साधले?

बाई : काहीच नाही. पण त्याच अमेरिकेत १९८४ साली 'द बर्निंग बेड' आला, तोही दूरचित्रवाणीसाठीच काढलेला. मिशिगनमधील फ्रान्सिन ह्यूज या बाईने वर्षानुवर्षे मार खाल्ल्यानंतर, १९७७ साली, झोपलेल्या नवऱ्याच्या बिछान्याला आग लावली, आणि क्षणिक वेडाच्या भरात घडले असे मानून ज्यूरीने तिला सोडले. पाहा, आपल्या नागपूरच्या प्रकरणाशी किती जवळचे नाते आहे! घरातला मार हा घरातलाच मामला, असे मानणाऱ्या लाखो घरांत ती गोष्ट एका रात्रीत पोहोचली. आणि अगदी अलीकडचे सांगते. इंग्लंडच्या टपालखात्याने संगणकाच्या चुकीपायी आपल्याच शेकडो पोस्टमास्तरांना चोर ठरवले. नऊशेंहून अधिक जणांना शिक्षा झाल्या. पत्रकारांनी दशकाहून अधिक काळ लिहिले, चौकशी समितीही बसली होती. पण जानेवारी २०२४मध्ये त्या पोस्टमास्तरांवरची चार भागांची मालिका दूरचित्रवाणीवर लागली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात संसदेने कायदा करून त्या शिक्षा सरसकट रद्द केल्या. दप्तर इतकी वर्षे तिथेच होते, काकाजी.

काकाजी : ते पोस्टमास्तर निर्दोष होते, म्हणून कथा सोपी होती. आमच्या इथे प्रत्यक्ष न्यायदानाच्या जागेत माणूस मारला गेला. त्याला न्याय म्हणावे की न्यायाचा पराभव, हे ज्याला सांगता येत नाही तो चित्रपट मला एका बाजूला बसवतो आणि टाळ्या वाजवायला सांगतो. सेवेत होतो तेव्हा निकाल लागेपर्यंत मत न करण्याची सवय लागली. ती पडदा मोडतो.

बाई : टाळ्या वाजवायला सांगतो, हे पूर्ण खरे नाही. अमोल पालेकरांनी केलेला निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे आठवा. तो स्वतः दलित. पण जन्मभर कायद्याच्या भाषेत बोलून त्याने आपली जात आणि आपला राग दोन्ही घडी घालून ठेवलेले. त्या घड्या उलगडताना त्याला जो त्रास होतो तो आपलाच आहे, काकाजी. म्हणूनच तो आपल्याला आवडत नसावा. आणि असा मनुष्य अगदी आकाशातून पडलेला नाही. प्रत्यक्षातही निवृत्त न्यायमूर्ती भाऊ वहाणे यांनी त्या स्त्रियांची बाजू उघडपणे घेतली होती.

काकाजी : घेतली होती. पण त्यांनी बाजू घेतली म्हणून ते प्रकरण त्यांचे झाले नाही. चित्रपटात मात्र ते न्यायाधीशांचे होते.

बाई : हे आपण आज पहिल्यांदा बरोबर बोललात.

काकाजी : उपकार!

बाई : नाही, खरेच. भिवापूरकडच्या मिरची सातऱ्यावर काम करणाऱ्या काही बायांनी तो चित्रपट मोबाइलवर पाहिला होता. दिवसभर नाकाला फडके बांधून मिरचीचे देठ खुडणाऱ्या या बाया. पुडीतली मिरची अंगावर उधळली म्हणजे काय होते, आणि उधळणाऱ्याच्या हाताची पुढे रात्रभर काय आग होते, हे त्यांना कोणी सांगायला नको. त्यांतली एक मला म्हणाली, 'बाया मस्त दोनशे आहेत जी, पन बोलू देते दोघीतिघीलेच.' मी या वाक्यावर फार विचार केला. नावे बदलली, वस्ती बदलली, प्रसंग रचले, हे सगळे मी क्षम्य मानते. पण दोनशेंना एक चेहरा दिला, तिथे काहीतरी खरोखर निसटले.

काकाजी : आता माझा मुद्दा तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडू लागलात, तेव्हा मी तो पुढे नेतो. आचार्य अत्र्यांचे 'तो मी नव्हेच' घ्या. १९६२चे नाटक, माधव काझी नावाच्या खऱ्याखुऱ्या भामट्यावरून रचलेले. कोर्ट फिरत्या रंगमंचावर, आणि पणशीकर निपाणीचा लखोबा लोखंडे होऊन एका साक्षीतून दुसऱ्या साक्षीत नवनवी सोंगे घेऊन उभे. मी ते कितीदा पाहिले त्याची गणती नाही. त्यात अत्र्यांनी नाव बदलले, गाव बदलले. मी कधी तक्रार केली नाही.

बाई : हे आपण आधीच कबूल केले असते तर अर्धा वाद वाचला असता.

काकाजी : वाचला नसता, कारण फरक इथेच आहे. तिथे माणूस एक आणि नावे अनेक. म्हणून एका नटाला ते पेलले, किंबहुना एकाच नटाने करावे अशीच ती गोष्ट होती. आरोपी म्हणतो, तो मी नव्हेच. आणि कोर्टाचे सारे काम म्हणजे तो तूच, हे सिद्ध करणे. नागपुरात याच्या नेमके उलट झाले. दोनशे बाया, आणि प्रत्येकीचे म्हणणे, ती मीच! फौजदारी कायद्याला इन्काराची सवय आहे, बाई. इतक्या कबुल्यांचे काय करावे हे त्याला उमगत नाही. कोणी कोणता वार केला, हे वेगळे काढता आले नाही, आणि म्हणून दहा वर्षांनी सगळे सुटले. जे कोर्टाला साधले नाही, ते पडद्याने पहिल्या अर्ध्या तासात केले: एक नायिका निवडली.

बाई : रिंकू राजगुरूने ती भूमिका फार समजून केली आहे, एवढे तरी म्हणा.

काकाजी : म्हणतो. 'झुंड' या चित्रपटातही ती मुलगी मला आवडली. त्यात पासपोर्टासाठी ओळखीचा दाखला मिळवण्याकरता बापलेकीने कचेऱ्यांचे उंबरठे झिजवणे, हे ज्याने लिहिले त्याने सरकारी दार जवळून पाहिले असले पाहिजे. पण भूमिका चांगली वठली की अन्याय आणखी बेमालूम होतो. माहितीपटाने निराळाच मार्ग काढला. त्याने बायांना बोलू दिले, आणि शीर्षक मात्र त्या श्वापदाला देऊन टाकले. म्हणजे एकाने दोनशेंची एक केली, दुसऱ्याने दोनशेंना बोलावून पाटीवर मारल्या गेलेल्याची ओळख लिहिली.

बाई : दोनशे जणींची कथा दोनशे जणींसारखी सांगता येईलच असे नाही. झाडीपट्टीत एखादे वेळी येते. कारण तिथे मांडवातला अर्धा गाव कथेतलाच असतो, आणि पात्र चुकीचे बोलले तर खालून दुरुस्ती होते. पण पडद्याला चेहरा लागतो. हातातल्या टीचभर पडद्यावर गर्दी दाखवली तर ती मुंग्यांसारखी दिसते.

काकाजी : म्हणून मी म्हणतो, आपल्या करांडल्याच्या जय वाघावर चित्रपट काढावा. २०१६पासून बेपत्ता, नातेवाईक बोलत नाहीत, अब्रूनुकसानीचा दावा नाही, आणि चेहरा एकच, तोही देखणा.

बाई : त्याचे हक्क कोण विकणार? वनखाते?

(ही थट्टा होती, पण काकाजींनी ती तशी घेतली नाही. ते सरसावून बसले, आणि पुढचे जे बोलले ते मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाचे वाटते.)

काकाजी : हक्कांचे तुम्ही बोललात, तर ऐका. 'झुंड' हा विजय बारसे यांच्या कार्यावरचा. हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल शिकवणारे. चित्रपटात ते विजय बोराडे झाले आणि अमिताभ बच्चन झाले. त्यांच्या संघातला अखिलेश पॉल २०१०मध्ये रिओ द जानेरोच्या बेघरांच्या विश्वचषकात खेळला. त्याच्या जीवनकथेचे हक्क आपण आधीच घेतले आहेत, असे म्हणून तेलंगणातल्या एका निर्मात्याने दावा लावला, आणि २०२२च्या मे महिन्यात तो चित्रपट घरच्या पडद्यावर येण्याच्या तोंडावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. म्हणजे माणसाच्या आयुष्याचे आता खरेदीखत होते. ते बरे की वाईट ते राहू द्या. निदान त्यात लिहून देणारा कोणी तरी आहे, आणि त्याच्या हाती काही पैसा पडण्याची वाट आहे. फूलनदेवीने 'बँडिट क्वीन'च्या वेळी, १९९४ साली, कोर्टात जाऊन निर्मात्यांना तडजोडीला भाग पाडले, तेही ती एकटी, नावाची बाई होती म्हणून.

बाई : आणि कस्तुरबानगर?

काकाजी : तिथे खरेदीखत कोण लिहून देणार? ही माझी कथा, असे जी लिहून देईल ती 'मी मारले' असेच लिहून देईल; आणि ते तर कोर्टात शाबीत झालेले नाही. एकत्र राहिल्या म्हणून त्या फौजदारीतून वाचल्या, आणि एकत्र राहिल्या म्हणूनच कराराच्या कागदावर सहीला कोणी उरली नाही. निर्मात्याला त्यांच्या संमतीची गरजही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४मध्येच, तमिळ साप्ताहिकाच्या ऑटो शंकर प्रकरणात, सांगून ठेवले आहे, की सार्वजनिक अभिलेखात जे आले ते संमतीवाचून छापता येते; अपवाद अत्याचारग्रस्त स्त्रियांच्या ओळखीचा. म्हणजे कायद्याने त्यांना फक्त झाकून घेण्याचा हक्क दिला. सांगण्याचा आणि मोबदला घेण्याचा नाही.

बाई : म्हणजे दप्तराबाहेर जाऊ नका म्हणणारे आपण, दप्तरामुळेच त्यांची कथा कोणीही उचलून नेऊ शकतो, असे सांगता आहात.

काकाजी : सांगतो आहे. मला ते आवडते असे मी कुठे म्हटले?

बाई : मग वस्तीच्या नावाने काही द्यावे. तिथल्या शाळेला, तिथल्या मुलींच्या शिक्षणाला. सही एकीची लागत नाही, आणि कोणी कशाची कबुलीही देत नाही.

काकाजी : कोणत्या कलमाखाली?

बाई : कलमाखाली नाही. श्रेयनामावलीत चहावाल्याचे नाव येते, ते कोणत्या कलमाखाली येते?

काकाजींनी यावर उत्तर दिले नाही. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गाठून विचारले, की विश्वस्तनिधीच्या दस्तात लाभार्थी म्हणून संपूर्ण वस्तीचा उल्लेख करता येईल काय, आणि आल्यास चतुःसीमा कशा लिहाव्यात.